डाउनलोड पूर्ण झाले, पण कुठे?

संशय घेणं हे माझं कामच आहे. मी वजनमापं खात्यात वरिष्ठ लिपिक आहे, तोही तपासणी शाखेत. समोर एक किलोचं वजन ठेवलं तर ते एक किलोचं असेल असं मी कधीही गृहीत धरत नाही. आधी ते उलटं करतो, बुडाला नखाने टोकरून बघतो, मगच तराजूवर ठेवतो. घरातली माणसं याला माझा स्वभाव म्हणतात. हा स्वभाव नाही, एकवीस वर्षांचा सराव आहे, हे मी त्यांना अनेकदा समजावलंय.

तर त्या रविवारी सकाळी साडेनऊला मी आमच्या घरच्या संगणकावर बसून एक कागद डाउनलोड केला. पडद्यावर 'डाउनलोड पूर्ण झाले' अशी पाटी आली. तेवढ्यात मागून पावलं वाजली. बायको केस पुसत दारात उभी होती. "झालं का तुमचं? मला जरा बसायचंय," ती म्हणाली. मी ब्राउझर असा काही बंद केला की माउस टेबलावरून खाली लोंबकळायला लागला. "हो हो, झालं. बातम्या बघत होतो," मी म्हणालो आणि बाहेर गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तो माझा कागद जागेवर नाही!

कागद साधा नव्हता. खात्याच्या अधीक्षकपदाच्या परीक्षेचं प्रवेशपत्र होतं. या परीक्षेला मी आधी दोनदा बसलो होतो, आणि दोन्ही वेळा काय झालं ते इथे सांगायची गरज नाही. पन्नास वर्षं पूर्ण झाली की बसता येत नाही, आणि मला मार्चमध्ये पन्नास पूर्ण होणार होती. म्हणजे ही शेवटची संधी. म्हणूनच मी कोणाला सांगितलं नव्हतं. मागच्या निकालानंतर शेजाऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं होतं, ती नजर मला पुन्हा नको होती. आणि त्या संकेतस्थळावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'प्रवेशपत्र एकदाच डाउनलोड करता येईल. सुरक्षित ठिकाणी साठवावे.'

सुरक्षित ठिकाणाचा विचार मी केलेला होता, बरं का. आमचा संगणक एक आणि माणसं तीन: मी, बायको आणि तिचे वडील. ब्राउझर जे काही उतरवतो ते एकाच फोल्डरमध्ये नेऊन ओततो. तिथे सासरेबुवांची शब्दकोडी, बायकोचे शिवणाचे नमुने आणि माझे कागद सगळे एकत्र लोळत पडलेले असतात. म्हणून परीक्षेचा अर्ज भरायच्या आधीच मी सेटिंगमध्ये जाऊन फायली साठवायचं ठिकाण बदललं. नवीन फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं 'गोपनीय'.

दुसऱ्याच दिवशी चहा पिताना सासरेबुवांनी विचारलं, "जावईबापू, तुमचा फोटो गोपनीय का आहे?"

अर्जासाठी काढलेला पासपोर्ट फोटो त्यांनी त्या फोल्डरमध्ये बघितला होता. सासरेबुवा आमच्याच खात्यातून अभिलेखपाल म्हणून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं गठ्ठे बांधण्यात आणि सोडण्यात गेली.

"बाबा, तुम्ही उघडलंत कशाला ते?" मी म्हणालो.

"त्यावर गोपनीय लिहिलंय ना! आपल्या खात्यात गोपनीय पाकीट आलं की शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी आधी तेच उघडायची रीत आहे," ते म्हणाले. "काही लपवायचं असतं तर वर 'पंख्यांची दुरुस्ती' असं काहीतरी लिहायचं."

बायको हे ऐकत होती. ती आमच्याच खात्यात आवक-जावक शाखेत आहे, एकोणीस वर्षं टपालावर शिक्के मारते, आणि घरी आली की शिलाई मशीनवर बसते. माझ्या फोटोत तिला काही रस असेल असं मला वाटलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, प्रवेशपत्र 'गोपनीय'मध्ये असायला हवं होतं आणि तिथे नव्हतं. जुन्या जागी नव्हतं. डेस्कटॉपवर नव्हतं. सेटिंग उघडून बघितलं, तर ठिकाण अगदी मी ठेवलं होतं तेच, 'गोपनीय'. मग ब्राउझरमध्ये डाउनलोडची यादी असते ती उघडली. यादी कोरी! मी सकाळी उतरवलेल्या कागदाची तिथे खूणसुद्धा नव्हती. आता माझे कान उभे राहिले. कागद हरवतो हे मान्य, पण यादी आपोआप कोरी होत नाही. कोणीतरी कागद पळवला होता आणि वर पुरावाही पुसला होता.

मी एक कोरा ताव घेतला, चार रकाने आखले आणि संशयितांची यादी केली. पहिला क्रमांक सासरेबुवांचा. संधी भरपूर, हेतू अस्पष्ट, पूर्वइतिहास संशयास्पद. दुसरा क्रमांक शेजारच्या रेंजवाल्यांचा. हे गृहस्थ दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेत आणि आमच्या भिंतीला लागून असलेल्या त्यांच्या खोलीत त्यांना आमच्या इंटरनेटची रेंज मिळते. तिसऱ्या क्रमांकावर, यादी पूर्ण असावी एवढ्याचसाठी, बायकोचं नाव घातलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'संशयातीत. संगणकातलं फारसं समजत नाही.'

रेंजवाल्यांना मी आडून आडून विचारलं, की एखाद्याचा एखादा कागद संगणकातून नाहीसा झाला तर काय समजावं. ते लगेच चप्पल घालून आमच्याकडे आले.

"साहेब, तुमच्या मशीनमध्ये कोणीतरी बसलंय," संगणकाच्या खोक्याला कान लावून ते म्हणाले.

"कोण?"

"ते कसं कळणार? बसलेला माणूस सांगतो का? आधी तो कॅमेरा झाका."

मी कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी चिकटवली. मग ते म्हणाले की साठवायचं ठिकाण संगणकात ठेवूच नका, पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तो खिशात घेऊन फिरा. हा सल्ला मला आवडला. खिशात कोण हात घालणार? मी ठिकाण बदलून पेन ड्राइव्ह केलं, तो शर्टच्या खिशात टाकला आणि ऑफिसला गेलो. दुपारी सासरेबुवांचा फोन आला. त्यांचं शब्दकोडं उतरत नव्हतं. संगणक म्हणत होता, ठिकाण सापडत नाही. "जावईबापू, ठिकाण कुठे नेलंत?" असं त्यांनी मला भर शाखेत फोनवर विचारलं आणि समोरच्या टेबलावरची मंडळी माझ्याकडे बघायला लागली. त्या संध्याकाळी तो शर्ट धुवायला गेला. पेन ड्राइव्ह स्वच्छ निघाला, फार स्वच्छ.

रेंजवाल्यांचा पुढचा सल्ला असा, की 'प्रत्येक वेळी ठिकाण विचारा' हा पर्याय चालू करा. केला. त्यानंतर ब्राउझर प्रत्येक कागदाला विचारायला लागला, कुठे साठवू? सासरेबुवांना हा प्रश्न फार मानवला. अभिलेखपालाला निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी आदराने विचारत होतं. त्यांनी दोन दिवसांत शब्दकोड्यांसाठी सत्तावीस फोल्डर केले, आडवे शब्द वेगळे आणि उभे वेगळे. माझा संशय त्यामुळे वाढलाच. जो माणूस शब्दकोड्याचे असे तुकडे करून ठेवतो, तो माझ्या प्रवेशपत्राचं काय करणार नाही?

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि परीक्षा कक्षात गेलो. तिथल्या खिडकीतल्या बाईंना म्हणालो, "प्रवेशपत्राची दुसरी प्रत हवी आहे. पहिली हरवली."

"पहिल्या प्रतीची झेरॉक्स जोडा," बाई म्हणाल्या.

"पहिलीच हरवली आहे, म्हणून तर दुसरी हवी."

"मग कुठे हरवली ते लिहा. हा रकाना रिकामा चालत नाही."

"संगणकात हरवली."

"संगणक कुठे आहे?"

"घरी."

"म्हणजे घरी हरवली. घरात हरवलेल्या वस्तूला आम्ही हरवलेली धरत नाही, नीट ठेवली नाही असं धरतो. चोरीला गेली म्हणत असाल तर पोलिसांचा दाखला आणा." एवढं बोलून त्यांनी पडद्यावर काहीतरी बघितलं आणि भुवया वर केल्या. "अहो, तुमच्याकडच्या कनेक्शनवरून दोन प्रवेशपत्रं उतरवलेली दिसतात. एकाच रविवारी, वीस मिनिटांच्या अंतराने."

माझ्या हातातली पेनाची टोपी खाली पडली. "दुसरं कोणाचं?"

"ते गोपनीय आहे," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

परत येताना मी मनाशी हिशोब मांडत होतो. माझ्या घरातून, माझ्या संगणकावरून, माझ्याच परीक्षेला दुसरा कोणीतरी बसतोय! सासरेबुवा पंचाहत्तरीचे, त्यांना कोण बसू देणार? म्हणजे रेंजवाले. पण ते आमच्या खात्यातले नाहीत. मग त्यांनी कोणाला तरी आमची रेंज वापरू दिली असणार! त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. त्यांनी याचं कारण विचारलं, तेव्हा मी नुसता त्यांच्या डोळ्यांत बघत राहिलो. ते घाबरून घरात गेले, आणि मला ते पुराव्यासारखं वाटलं.

पोलिसात जायला मला फार जड गेलं, हे कबूल करतो. आमच्या घराण्यात ती पायरी कोणी चढलेलं नाही. तिथल्या हवालदारांनी वही उघडली.

"काय चोरीला गेलं?"

"प्रवेशपत्र. संगणकातून."

"संगणक गेला?"

"नाही, संगणक आहे. कागद आतून गेला."

"आत कुठे ठेवला होता?"

"तेच तर माहीत नाही."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "काका, कुठे ठेवला होता ते माहीत नाही, तर तिथून गेला हे कसं कळलं?"

एकवीस वर्षं मी दुकानदारांना प्रश्न विचारतोय, पण इतका नेमका प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. बराच वेळ विनवणी केल्यावर त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: 'अर्जदाराच्या सांगण्यानुसार सदर कागद कुठेतरी आहे.' ती चिठ्ठी घेऊन मी शुक्रवारी पुन्हा परीक्षा कक्षात गेलो. बाईंनी ती दोनदा वाचली. "'कुठेतरी' हे ठिकाण आमच्या नमुन्यात नाही," त्या म्हणाल्या.

परीक्षा रविवारी होती. शनिवारी दुपारी बायको बाजारात गेली, आणि मी हार मानली. सासरेबुवांच्या समोर खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगून टाकलं. परीक्षा, शेवटची संधी, लाल अक्षरं, पोलीस. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली टिपणी लिहीत बसायचं नाही, एकदा तरी खाली सही करणारा आपण असावं, एवढीच माझी इच्छा होती आणि ती एका हरवलेल्या फायलीपायी संपत होती.

सासरेबुवांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. "मला वाटलं होतं तुम्ही पहिल्याच दिवशी याल," ते म्हणाले. "जावईबापू, आपल्या खात्यात असा कुठला गठ्ठा आहे, जो कोणीही, कधीही, कशासाठीही उघडत नाही?"

"जुनी परिपत्रकं," मी म्हणालो.

"तुमच्या संगणकात आहेत का?"

होती. दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी अभ्यासाला म्हणून मीच ती तीनशे बारा परिपत्रकं ऑफिसातून आणून टाकली होती आणि एकदाही उघडली नव्हती. आता उघडली. फोल्डरमध्ये सगळ्यात वर दोन फायली होत्या, नावं म्हणून नुसते आकडे. पहिली उघडली. माझा फोटो! माझं प्रवेशपत्र! मी खुर्चीतून उठून सासरेबुवांचे दोन्ही हात धरले. मग दुसरी उघडली आणि पुन्हा खाली बसलो.

दुसऱ्या प्रवेशपत्रावर माझ्या बायकोचा फोटो होता.

मी मागे वळून बघितलं, तर सासरेबुवा चष्मा पुसत होते आणि मुद्दाम फार वेळ पुसत होते. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी अभिलेखपाल आहे. सांगणं हे माझं काम नाही," ते म्हणाले.

बायको पिशव्या घेऊन आत आली तेव्हा पडद्यावर आम्ही दोघं शेजारी शेजारी होतो. तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"सापडलं एकदाचं?" ती म्हणाली.

"हे... हे तू केलंस?"

"मी काय केलं? त्या रविवारी माझं प्रवेशपत्र उतरवायचं म्हणून साठवायचं ठिकाण बदलून मी केस धुवायला गेले. तेवढ्यात तुम्ही येऊन बसलात. तुमचं माझ्या फोल्डरमध्ये पडलं. मग मी माझं उतरवलं, ठिकाण पुन्हा तुमच्या गोपनीयवर आणून ठेवलं आणि यादी पुसली. मी नेहमीच पुसते."

"आणि आठवडाभर मला सांगितलं नाहीस?"

"तुमची छापील प्रत सोमवारीच काढून ठेवलीये. उद्या सकाळी हातात देणारच होते. पण मला बघायचं होतं की तुम्ही मला विचारता का." ती खुर्चीवर बसली. "बाबांना विचारलंत. रेंजवाल्यांना विचारलंत. पोलिसात गेलात म्हणे, रेंजवाल्यांनी तुम्हाला तिथे शिरताना बघितलं, आज बाजारात भेटले तेव्हा म्हणाले. मला एकदा तरी विचारलंत?"

"अगं, परीक्षेचं तुला कळू नये म्हणून..."

"आणि मी का लपवलं, विचारा. मागच्या निकालानंतर तुम्हीच म्हणाला होतात, ही परीक्षा म्हणजे लाळघोट्यांचा बाजार आहे, शहाण्या माणसाने तिकडे फिरकू नये. मग मी काय सांगणार होते? मी फिरकतेय म्हणून?"

आणि नेमक्या त्याच वेळी तिला टेबलावर माझा रकाने आखलेला ताव दिसला. तिने तो उचलला आणि वाचला. पहिले दोन क्रमांक वाचताना तिला हसू आलं. तिसऱ्या क्रमांकावर आल्यावर हसू गेलं.

"संशयातीत," ती हळूच म्हणाली. "फारसं समजत नाही."

"अगं, ते चांगल्या अर्थाने..."

"एवढा संशयी माणूस तुम्ही. वजन उलटं करून बघता. घरात चोर शोधताना बाबांवरसुद्धा संशय घेतलात. माझ्यावर एवढासा घ्यायला काय झालं होतं?"

लग्नाला तेवीस वर्षं झाली. मी तिचा एवढा मोठा अपमान कधी केला नव्हता, आणि तोही लेखी. मला स्वतःची लाज वाटली. मी पडद्याकडे वळलो, निदान तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्या तीनशे बारा परिपत्रकांना आता विषयवार क्रमांक दिलेले होते. प्रत्येकाखाली दोन-दोन ओळींचा सारांश होता. संगणकातलं फारसं न समजणाऱ्या माझ्या बायकोने सगळी वाचून काढली होती.

"सतरा नंबरचं परिपत्रक मला कळत नाही," तीच म्हणाली. "ते तराजूच्या फरकाचं. तुम्ही रोज करता ते काम. सांगता?"

मग उरलेली दुपार आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. मी तिला तराजूतला फरक कसा काढतात ते समजावलं, तिने मला परिपत्रकं समजावली. सासरेबुवांनी चहा केला, कधी नव्हे तो. मला त्या दुपारी बरं वाटलं, इतकं बरं मला परीक्षेच्या आदल्या दिवशी पूर्वी कधी वाटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच हॉलमध्ये बसलो. ती माझ्या पुढच्या बाकावर होती. तीन तासांत तिने एकदाही मान वर केली नाही.

दोन महिन्यांनी निकाल लागला. तो आम्ही तिघांनी मिळून उघडला. तिचा नंबर होता. माझा नव्हता, मी चार गुणांनी गेलो होतो. मी तीनदा वरपासून खालपर्यंत बघितलं, बायकोने पाचदा बघितलं, आणि मग ती रडली. मी तिला म्हणालो, अगं, पास झालेल्याने रडायचं नसतं. मला वाईट वाटलं, फार वाटलं, ते मी लपवणार नाही. पण संध्याकाळी रेंजवाल्यांकडे मीच पेढे नेऊन दिले आणि ते काही विचारायच्या आत म्हणालो, "बायको पास झाली, मी नापास." तिसऱ्यांदा का होईना, मी हे वाक्य स्वतःच्या तोंडाने बोललो, आणि ते मुकाट्याने पेढा खायला लागले.

नेमणुकीचा आदेश आला, आणि त्यात खात्याचं काहीतरी कारस्थान असणार याबद्दल मला आजही शंका नाही. तिला दिली ती तपासणी शाखा, म्हणजे माझीच. पहिल्या दिवशी घरून आम्ही एकत्र निघालो, पण ती अधीक्षकांच्या टेबलावर गेली आणि मी माझ्या. शाखेतली बाकीची मंडळी कामाचं सोंग करून आमच्याकडे बघत होती. मी नेहमीसारखी एक टिपणी लिहिली, धारिकेत लावली आणि शिपायाबरोबर तिच्याकडे पाठवली. एकवीस वर्षांत माझ्या टिपणीत चूक काढायची कोणाची हिंमत झाली नव्हती.

दहा मिनिटांत धारिका परत आली. तिच्या वळणदार अक्षरात समासात लिहिलं होतं, 'मजकुराबद्दल शंका आहे. सहपत्रं कुठे आहेत?' आणि खाली सही.

मी धारिका उघडून पानं मोजली. अधीक्षक बाई म्हणत होत्या ते बरोबर होतं. सहपत्रं मी जोडलीच नव्हती. मी ती कपाटातून काढली, जोडली आणि धारिका स्वतः घेऊन तिच्या टेबलापाशी गेलो.

"ठेवा," मान वर न करता ती म्हणाली. "मी तपासून बघते."